चर्चच्या सभागृहात सामुदायिक गोधडी मांडायची आहे : चिकाचा डाग, वाकडा टाका आणि टांगण्याची पद्धत

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांना नमस्कार. रेल्वे वसाहतीलगतच्या आमच्या चर्चच्या महिला मंडळाने गेल्या उन्हाळ्यात एक सामुदायिक गोधडी शिवायला घेतली आणि ती आता पूर्ण होत आली आहे. नियम एकच ठेवला होता. प्रत्येक घराने, घरातल्या कोणीतरी खरोखर अंगावर किंवा कामावर वापरलेल्या कापडाचा एक फुटाचा चौकोन द्यायचा आणि त्या चौकोनावरचा धावदोरा त्याच घरातल्या माणसाने घालायचा. मंडळीतल्या कुटुंबांबरोबर आम्ही शेजारच्या घरांनाही विचारले, आणि ज्या घरांतले कोणी आमच्या चर्चची पायरी कधी चढले नव्हते अशा घरांतूनही कापड आले. एकूण 48 चौकोन जमले. आडवे 8, उभे 6 आणि भोवती अर्ध्या फुटाचा काठ धरून गोधडी 9 फूट रुंद व 7 फूट उंच झाली आहे. आत जुन्या लुगड्यांचे दोन थर आणि पाठीला मांजरपाट आहे. किराणा दुकानातल्या काट्यावर तिचे वजन साडेतीन किलो भरले.

दर शनिवारी दुपारी सभागृहातली बाके भिंतीकडे सरकवून गोधडी जमिनीवर अंथरली जाई आणि ज्यांचा चौकोन असेल ते तिच्याभोवती बसत. लोको शेडमध्ये वापरलेल्या निळ्या कपड्यांचे तुकडे आहेत, एका गार्डने निवृत्तीनंतर जपून ठेवलेल्या तांबड्या सिग्नल झेंड्याचा तुकडा आहे, लग्नातल्या शालूचा जरीकाठ आहे, आणि लहान मुलाच्या झबल्याचे चार तुकडे जोडून केलेला एक चौकोन आहे. नाताळच्या आठवड्यापासून 6 जानेवारीपर्यंत ती सभागृहात सर्वांसाठी मांडायची आहे. मला तीन बाबतींत सल्ला हवा आहे.

पहिली बाब डागाची आहे. यावलकडे केळीच्या बागांत कापणीला जाणाऱ्या एका बाईंनी आपल्या कामाच्या लुगड्याचा तुकडा दिला, आणि त्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी-काळे डाग आहेत. आमच्यापैकी काही जणींचे म्हणणे असे की, पाहुणे येणार आहेत, तेव्हा तेवढा भाग ब्लीच लावून उजळ करावा किंवा त्याच रंगाचे दुसरे कापड वरून लावावे.

दुसरी बाब मला अधिक छळते आहे. मूळच्या अमळनेरकडच्या एका आजींनी, ज्यांचे वय 80 च्या पुढे आहे आणि ज्यांना आता फारसे दिसत नाही, रेल्वेत पॉइंट्समन (गाडीसाठी रूळ बदलणारे) असलेल्या आपल्या दिवंगत पतीच्या खाकी शर्टाचा चौकोन स्वतः शिवला. त्यांचे टाके वाकडे गेले आहेत, काही ठिकाणी दोरा ओढला जाऊन कापडाला चुण्या पडल्या आहेत. तो चौकोन उसवून मशीनवर शिवून घ्यावा, असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. घरी गोधडी आणून मी दिव्याखाली बसले, चार टाके उसवले, आणि दोरा निघाल्यावर खाकी कापडावर सुईची जी भोके उघडी पडली ती पाहून माझा हात पुढे गेला नाही. आता ते चार टाके गेलेलेच आहेत. काय करावे?

तिसरी बाब टांगण्याची. सभागृहाची लांब भिंत पूर्वेकडची आहे आणि समोरच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. वरच्या काठाला चार खिळे मारून गोधडी अडकवू, असे एकाने सुचवले आहे. ते योग्य आहे का?

दाभणदोरा (यावल)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी लगेच लिहायला बसले, कारण माझी आई लोकांच्या गोधड्या शिवून देत असे. कापूस वेचून संपला, शेतात काम उरले नाही की आमच्या ओट्यावर कोणाची ना कोणाची गोधडी अंथरलेली असायची. आई प्रथम थर एकावर एक पसरून त्यांच्या कोपऱ्यांवर दगड ठेवायची, हाताने सुरकुत्या बाहेर काढत न्यायची, मग मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकमेकांना धरून घ्यायची, आणि त्यानंतरच कडेने धावदोरा सुरू करायची. कडेने एक फेरा झाला की त्याच्या आत दोन बोटांवर दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे करत मध्यापर्यंत जायचे. चार बायका चार बाजूंना बसल्या की प्रत्येकीचा टाका वेगळा पडे, आणि आईला गोधडीची पाठ पाहून सांगता येई की ही बाजू कोणाच्या हातची आहे. कोणाचा टाका लांब, कोणाचा तांदळाच्या दाण्याएवढा. आईने दुसऱ्या बाईचा टाका उसवून आपला घातला आहे असे मी कधी पाहिले नाही. थर सुटत असतील तर ती त्या टाक्याशेजारून आणखी एक ओळ घाली, परंतु पहिला टाका तसाच ठेवी.

आजींचा चौकोन मशीनवर मुळीच शिवून घेऊ नका. यात केवळ मायेचा प्रश्न नाही, कापडाचाही आहे. मशीनचा बारीक, घट्ट टाका जुन्या विरलेल्या कापडाला ओळीने भोके पाडतो आणि ताण आला की कापड त्याच ओळीवर फाटते. हातचा धावदोरा सैल असतो, तो कापडाबरोबर हलतो. शिवाय चारही थरांतून गेलेला दोरा उसवताना फक्त वरचे कापड नव्हे, आतली लुगडीही ओढली जातात.

उसवलेल्या चार टाक्यांबद्दल माझे मत असे आहे की तुम्ही ते स्वतः भरू नका. गोधडी आजींकडे घेऊन जा, झाले ते त्यांना जसे झाले तसे सांगा, आणि ते टाके त्यांच्याच हातून घालून घ्या. जाड सुईत दोरा ओवून द्या, दोऱ्यावरून मेणाचा तुकडा फिरवा म्हणजे गुंता होणार नाही, आणि कापडाखाली त्यांचा डावा हात ठेवा. ज्याने आयुष्यभर सुई धरली आहे त्याला बोटाने भोक लागते. आमच्या आईला शेवटची काही वर्षे दिसत नव्हते, तरी दुपटी शिवण्याचे तिचे काम थांबले नव्हते.

केळीच्या चिकाबद्दल आमच्याकडे कोणालाही विचारा. चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, डाग दिसतही नाही. तो वाळल्यावर तपकिरी होतो आणि मग काळा पडत जातो, आणि पुढे कितीही धुतले तरी निघत नाही. म्हणूनच कापणीला जाणारी माणसे एकच जोडी कपडे त्या कामासाठी वेगळी ठेवतात. त्या बाईंच्या घरी बिनडागाचे लुगडे नव्हते असे नाही. त्यांनी निवडून हेच दिले आहे, आणि तुम्हीच नियम केला होता की कापड वापरलेले हवे.

वस्त्रजतन (नाशिक)

मी काही वर्षे एका संग्रहालयाच्या वस्त्र विभागात काम केले आहे, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो. डागाविषयी वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे आणि एक भर घालतो. ब्लीचमुळे चिकाचा डाग खात्रीने जाईल असे नाही, परंतु सुताचा तंतू मात्र नक्की अशक्त होईल, आणि पूर्ण धुवून न निघालेले ब्लीच आतल्या थरांत राहून नंतरही कापड खात राहील. वरून दुसरे कापड लावायचे म्हणजे त्या चौकोनाला नव्या सुईची भोके पाडायची, तेही करू नये. संपूर्ण गोधडी पाण्यातून काढण्याचा मोह तर अजिबात नको, कारण सिग्नलच्या झेंड्याचे तांबडे कापड रंग सोडण्याची फार शक्यता आहे आणि जरीकाठाला पाणी चालत नाही. पांढऱ्या कापडाचा ओला बोळा झेंड्याच्या कोपऱ्यावर दाबून पाहिलात तर रंग उतरतो का ते लगेच कळेल. धूळ काढायची असेल तर गोधडीवर मच्छरदाणीचे कापड धरून, त्यावरून कमी शक्तीवर लावलेला व्हॅक्यूम क्लीनर हळूहळू फिरवा.

खिळे मारू नका. साडेतीन किलो वजन चार बिंदूंवर आले की त्या चार ठिकाणचे टाके तुटतात, मधला भाग झोळीसारखा लोंबतो, आणि लोखंडी खिळ्याचा गंज सुती कापडाला छिद्र पाडेपर्यंत खातो. योग्य मार्ग नेफ्याचा आहे. धुऊन आटवलेल्या मांजरपाटाचा तयार झाल्यावर 4 इंच रुंद भरेल असा नेफा करा आणि तो गोधडीच्या पाठीला, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली, हाताने शिवा. टाका पाठीच्या कापडातून आणि आतल्या थरांतून जाऊ द्या. दर्शनी कापडावर तो उमटता कामा नये. नेफा पाठीला अगदी सपाट ताणून शिवू नका, दांड्याच्या जाडीपुरता सैल ठेवा, नाही तर दांडा आत गेल्यावर गोधडीचा दर्शनी भाग वर फुगून दिसतो. 9 फुटांचा दांडा मध्ये वाकतो, म्हणून नेफा दोन भागांत करा आणि मध्ये चार-पाच इंच जागा मोकळी सोडा, म्हणजे तिथे तिसरा हुक देता येईल. दांडा ॲल्युमिनियमचा असल्यास उत्तम. लाकडाचा किंवा बांबूचा असल्यास त्यावर धुतलेले सुती कापड गुंडाळा, कारण लाकडातला आम्लांश कापड पिवळे करतो.

प्रकाशाची काळजी टांगण्याइतकीच महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच राहून जाते. संग्रहालयात कापडासाठी 50 लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक आहे) ही मर्यादा धरतात, आणि उघड्यावरचे भर दुपारचे ऊन 1 लाख लक्सच्या घरात जाते. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही, आणि आज थोडा व उद्या थोडा असा होणारा परिणाम साठत जातो. तुमच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारनंतरचे ऊन थेट पूर्वेच्या भिंतीवर पडणार, आणि डिसेंबरात सूर्य खाली असल्याने ते खोलवर आत येणार. त्या खिडक्यांना जाड मांजरपाटाचे पडदे लावा, किंवा गोधडीसाठी खिडक्यांच्याच बाजूची भिंत निवडता येते का ते पाहा. सभागृह बंद असेल तेव्हा गोधडीवरही एक स्वच्छ चादर सोडून ठेवा.

लोक हात लावणारच, कारण गोधडी पाहिली की हात आपोआप पुढे जातो. फलक लावून त्यांना अडवण्यापेक्षा उरलेल्या तुकड्यांची एक छोटी गोधडी शेजारी टेबलावर ठेवा आणि ती मनसोक्त हाताळू द्या.

उतरवल्यावर घडी घालून पेटीत ठेवू नका, घडीच्या रेषेवरच कापड विरते. धुतलेले कापड गुंडाळलेल्या जाड पुठ्ठ्याच्या नळीवर, दर्शनी बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, वर सुती चादर बांधा, प्लास्टिक टाळा. डांबरगोळ्या किंवा कडुनिंबाचा पाला कापडाला टेकू देऊ नका. कसर लागली आहे की नाही हे पाहण्यासाठी पावसाळा सरल्यावर एकदा पूर्ण उलगडून पाहणे, हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

सातपुडापायथा (नवापूर)

मला वेगळे म्हणायचे आहे. आमच्याकडच्या मंडळींत बायका गोधड्या शिवतात आणि त्या पांघरतात, कोणी आजारी पडले तर त्याच्या अंगावर घालतात, लेकरू जन्मले की त्याच्याखाली अंथरतात. अंगावर घेतली जात नाही ती गोधडी मला अपुरी वाटते. 50 लक्स आणि पुठ्ठ्याची नळी हे सर्व बरोबर असेल, पण 48 घरांनी जे दिले ते थंडीत कोणाच्याच उपयोगी पडणार नसेल, तर मंडळाने त्याचाही विचार करावा. जानेवारीत खानदेशात पारा 10 अंशांच्या खाली जातो आणि तुमच्या स्टेशनवरही उघड्यावर झोपणारी माणसे असतील. ही गोधडी द्या असे मी म्हणत नाही. तिच्यासोबत आणखी चार साध्या गोधड्या शिवा आणि त्या द्या, एवढेच सुचवतो.

पांझराकाठ (धुळे)

नवापूरच्या दादांचे म्हणणे मला मोलाचे वाटते. तरीही भिंतीवर लावलेल्या गोधडीचे एक वेगळे काम असते, ते दोन उदाहरणांनी सांगतो.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, ज्यांचे पूर्वज त्याच जमिनीवर गुलाम म्हणून राबले, शेतात झिजलेल्या विजारी आणि शर्ट फाडून गोधड्या शिवत आल्या. 1966 मध्ये त्या परिसरातल्या बायकांनी, एका धर्मगुरूच्या साहाय्याने, फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था सुरू केली. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या वस्तीतल्या गोधड्यांचे मोठे प्रदर्शन झाले. त्या गोधड्यांच्या कडा सरळ नाहीत, चौकोन काटकोनात नाहीत. विजारीचा खिसा काढल्यावर त्याखालचे न विटलेले गडद निळे कापड जसेच्या तसे दिसते, गुडघ्यावर झिजलेली जागाही दिसते. तिथल्याच मिसूरी पेटवे या बाईंनी 1942 मध्ये पती वारल्यावर त्यांच्याच कामाच्या कपड्यांची जी गोधडी शिवली, तिच्यातही त्या कपड्यांची झीज आणि डाग तसेच राहिले आहेत. ताई, तुमच्या आजींचा खाकी चौकोन वाचताना मला ती गोधडी आठवली.

दुसरे उदाहरण 11 ऑक्टोबर 1987 चे आहे. त्या दिवशी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेली गोधडी प्रथम अंथरली गेली. तिच्यात 1,920 तुकडे होते आणि प्रत्येक तुकडा 3 फूट रुंद, 6 फूट लांब, म्हणजे साधारण एका माणसाच्या थडग्याएवढा होता. कोणी आई, कोणी मित्र, कोणी आयुष्यात प्रथमच सुई धरलेला. शिवण चांगली की वाईट, हा निकष तिथे लावलाच गेला नाही.

जवळचे पाहायचे तर कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळच्या आफ्रिकन वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांच्या गोधड्या आहेत, ज्यांना कवंदी म्हणतात. सिद्दींत ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू अशी तिन्ही कुटुंबे आहेत. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुले लावतात, आणि फुलांविना कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. तुमच्या गोधडीलाही निरनिराळ्या घरांचे हात लागले आहेत, म्हणून एक आग्रह धरतो. कोणता चौकोन कोणत्या घरातला, कापड कोणाचे, ते कोणत्या कामावर वापरले आणि टाके कोणी घातले, याची वही आताच करा. देणारी माणसे आज समोर आहेत. गोधडीचा आराखडा कागदावर काढून चौकोनांना क्रमांक द्या आणि प्रत्येक घराकडून त्यांच्याच शब्दांत चार ओळी लिहून घ्या. पुढे गोधडी टिकली आणि वही नसली, तर तो खाकी चौकोन केवळ खाकी कापड राहील.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. काल गोधडी उतरवली, त्यामुळे सविस्तर कळवत आहे.

यावलच्या ताईंनी सांगितले तसेच केले. मी आणि पाळकसाहेबांच्या पत्नी गोधडी घेऊन आजींच्या घरी गेलो. मंडळाने काय ठरवले होते आणि मी काय केले, ते मी त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मी म्हटले, माझी चूक आहे, हवे तर मी भरून देते, तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू दे माय, मनं काम मीच करसू.” मेण लावलेला दोरा ओवून दिला. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याचे नख कापडावरून फिरवत एकेक भोक शोधले आणि जुन्याच भोकांतून चारही टाके घातले. पाचव्या ठिकाणी भोक नसतानाही त्यांनी आणखी एक टाका घातला, तो का, ते मी विचारले नाही. नवा दोरा जुन्यापेक्षा पांढरा आहे, त्यामुळे ते पाच टाके लांबूनही ओळखू येतात. पुढच्या बैठकीत मी हे सर्व जसेच्या तसे सांगितले आणि मशीनचा विषय तिथेच मिटला.

चिकाचा चौकोन तसाच ठेवला. रावेर, यावलकडून नाताळला आलेले पाहुणे त्या चौकोनापाशी हमखास थांबत होते, आणि हा केळीचा चीक आहे हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्या बाई स्वतः मुलीला घेऊन आल्या आणि आपला चौकोन तिला दाखवून गेल्या.

दोन भागांचा नेफा शिवायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. दांडा ॲल्युमिनियमचा घेतला आणि मध्ये तिसरा हुक दिला. गोधडी कोठेही झोळली नाही. भिंत मात्र बदलता आली नाही, कारण खिडक्यांमधली जागा 9 फुटांची नव्हती. म्हणून पडदे लावले आणि दुपारी 3 नंतर गोधडीवर चादर सोडत होतो. त्या वेळेत आलेल्या काही पाहुण्यांना थांबावे लागले, त्याचे वाईट वाटले. टेबलावर ठेवलेली छोटी गोधडी दोन आठवड्यांत इतक्या हातांखालून गेली की तिचा एक कोपरा सुटला आणि तो तिथेच बसून एका पाहुण्या बाईंनी शिवून दिला.

नवापूरच्या दादांनी लिहिलेले मी बैठकीत वाचून दाखवले. दोन साध्या गोधड्या शिवून झाल्या आहेत, तिसरी अंथरली आहे. या शनिवारी आणखी पाच जणी येणार आहेत.

वहीत 31 घरांच्या ओळी लिहून झाल्या, 17 घरे राहिली आहेत. त्यांपैकी तांबड्या झेंड्याचे घर आता भुसावळात नाही, मुलाची बदली झाल्याने ते सर्व जण त्याच्याकडे गेले. गार्ड काकांशी फोनवर बोलणे झाले. तो झेंडा त्यांनी शेवटच्या दिवशी कोणत्या गाडीवर हाती धरला होता, ते ते पत्राने लिहून पाठवणार आहेत. वहीत तेवढे पान कोरे ठेवले आहे.